आधी वाट, मग वीज

हुसेनसागराच्या काठी आज जेथे एन. टी. आर. उद्यान आहे आणि सुटीच्या दिवशी मुलाबाळांची झुंबड उडते, त्या परिसरात एके काळी विद्युत्केंद्राची धुराडी उभी होती. निजाम सरकारने १९२० साली उभारलेल्या त्या केंद्राची मजल पुढेही साडेबावीस मेगावॅटपलीकडे गेली नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते पाडले गेले. त्याची आठवण येथे काढण्याचे कारण एवढेच की, त्या काळी वीज निर्माण करणारा आणि वीज वापरणारा हे शेजारी होते. तलावावर वीज निघाली की सुलतान बाजार आणि काचीगुडा हाकेच्या अंतरावर. मधली तार किती लांब असावी, ती कोणी ओढावी, तिचे पैसे कोणी द्यावेत, हे प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते.

आज याच शहराचा दिवा ज्या विजेवर जळतो ती कोठून येते, हे सांगू लागलो तर भूगोलाचा अर्धा धडा होईल. कोळसा कोठचा, पाणी कृष्णा-गोदावरीचे, ऊन आणखी कोठचे. केंद्र आणि घर यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरांची तार आली, आणि त्या तारेबरोबर एक विचित्र कोडे आले. केंद्र आधी बांधावे की तार आधी? केंद्र उभे राहिले आणि तार नसली, तर शेकडो कोटींची यंत्रे गप्प बसतात. तार ओढून झाली आणि केंद्र आलेच नाही, तर उन्हातान्हात मनोरे उभे, आणि त्यांचे हप्ते मात्र चालूच. आपल्या म्हणींना हे दोन्ही प्रमाद चांगले ठाऊक आहेत. पहिला तहान लागल्यावर विहीर खणण्याचा, दुसरा बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी या जातीचा. हैदराबादने गेल्या पन्नास वर्षांत या दोन्ही प्रमादांच्या कडेने प्रवास केला आहे. आणि त्या प्रवासातील महत्त्वाचे थांबे भद्रावती, सोलापूर आणि वर्धा हे आपल्याच मुलखातले असल्यामुळे ती हकीकत आपल्या घरांत सांगण्याजोगी आहे असे आम्हांस वाटते.

प्रारंभी हे कोडे कोडे नव्हते, कारण केंद्र आणि तार एकाच हाती होती. रामगुंडमचे उदाहरण घ्या. गोदावरीकाठच्या या कोळशाच्या गावी राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाच्या प्रचंड केंद्राची कोनशिला १९७८ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते बसली आणि १९८३ साली त्याचा पहिला संच सुरू झाला. पुढे वाढत वाढत ते २६०० मेगावॅटचे झाले. केंद्राच्या आराखड्यातच ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांचा आराखडा होता. पैसा एकाच योजनेतून, निर्णय एकाच कचेरीतून. बॉयलर कधी तापेल हे ज्याला ठाऊक, त्यालाच तार कधी ताणली जाईल हेही ठाऊक. उशीर झाला तर दोहोंचा, आणि जबाबदार एकच.

१९८९ साली पारेषणासाठी वेगळे महामंडळ निघाले, तेच आजचे पॉवरग्रिड. केंद्रांच्या तारा त्याच्याकडे गेल्या. ही विभागणी योग्यच होती, कारण तार ही काही एका केंद्राची दासी नव्हे, ती सर्वांचा रस्ता आहे. त्यानंतर २००३ चा विद्युत् कायदा आला आणि औष्णिक केंद्र बांधण्यास परवान्याची आवश्यकता उरली नाही. ज्याच्याजवळ भांडवल व कोळसा त्याने केंद्र बांधावे. ते कोठे बांधावे, केव्हा पुरे करावे, किंबहुना पुरे करावे की नाही, हे सांगणारा कोणी राहिला नाही. तार मात्र कोणीतरी आधीच ठरवून बांधायची. बडी वाहिनी उभी करावयास तीन-चार वर्षे लागतात. मार्ग आखणे, वनखात्याची संमती, शेतकऱ्यांशी बोलणी, हे सारे त्यात आले. म्हणजे जे केंद्र येईल की नाही याची खात्री नाही, त्याच्यासाठी आजच पैसा घालणे आले.

लग्नघरातील मंडळींना ही अडचण लवकर उमगेल. मुहूर्ताच्या महिन्यात चांगले कार्यालय हवे असेल तर मुलगा पसंत होण्यापूर्वीच ते सांगून ठेवावे लागते. सांगून ठेवले आणि लग्न जमले नाही तर अनामत बुडते. न सांगावे तर लग्न जमूनही मांडव घालायला जागा नाही. घरातील कर्ता पुरुष अशा वेळी काय करतो? तो लग्न जमण्याचा संभव किती, अनामत किती, आणि तीच तारीख दुसऱ्या कोणाला खपेल काय, हे मनाशी तोलतो. विजेच्या नियोजनातही तोलायचे आहे ते इतकेच. फक्त येथे अनामत शेकडो कोटींची असते आणि ती भरणारा घरात बसलेला असतो, कार्यालयात नव्हे.

दक्षिणेच्या बाबतीत प्रथम तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार घडला. फार वर्षे दक्षिणेचे विजेचे जाळे उर्वरित भारताहून वेगळे होते. विजेच्या प्रवाहाची लय सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. ती सर्वत्र एकजीव असली तरच दोन जाळी थेट जोडता येतात, आणि दक्षिणेची लय स्वतंत्र होती. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे एक युक्ती योजण्यात आली. पश्चिमेकडून आलेला प्रत्यावर्ती प्रवाह एकाच आवारात एकदिश करायचा आणि लगेच पुन्हा प्रत्यावर्ती करून रामगुंडमच्या वाहिनीवर चढवायचा. दोन घरांमधील भिंत न पाडता खिडकीतून डबा द्यावा, तसा हा व्यवहार. १९९७-९८ मध्ये सुरू झालेल्या या खिडकीतून जास्तीत जास्त १००० मेगावॅट जाई.

या भिंतीचा एकदा मोठा लाभ झाला. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ दोन दिवस उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला, आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. दक्षिणेचे दिवे मात्र जळत राहिले. परंतु त्याच भिंतीची किंमत आपण रोजच्या रोज मोजत होतो. त्या वर्षांत विजेच्या बाजारात उत्तरेला व पश्चिमेला वीज स्वस्त असे आणि दक्षिणेला तीच दुर्मिळ व महाग. वीज होती, पैसे होते, रस्ता नव्हता. सोलापूर ते रायचूर ही सुमारे दोनशे किलोमीटरांची ७६५ किलोव्होल्टची वाहिनी पुरी झाली आणि ३१ डिसेंबर २०१३ च्या संध्याकाळी दक्षिणेची लय देशाच्या लयीत मिसळली. एके काळी रायचूर निजामाच्या राज्यात आणि सोलापूर मुंबई इलाख्यात होते. जुन्या सरहद्दीवर जेथे जकातीची नाकी असत, तेथूनच विजेची जकात उठावी, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. तथापि एका वाहिनीने दक्षिणेची तहान भागणार नव्हती. जोड झाला, पण त्यावरून किती भार न्यावा याला सुरक्षेच्या मर्यादा होत्या.

पुढील सहा महिन्यांतच २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. विजेच्या वाटणीत तेलंगणाच्या पदरी ५३.८९ टक्के वाटा आला, तरी मागणी त्याहून कितीतरी मोठी होती. सुमारे २७०० मेगावॅटची तूट सांगितली जात होती. त्या वर्षीचे भारनियमन येथील कोणत्या घराने अनुभवले नाही? पिठाची गिरणी किती वाजता चालू असेल ते विचारून दळण पाठवायचे, उद्‌वाहन बंद असल्याने वृद्धांनी चार मजले चढायचे, परीक्षेच्या दिवसांत मुलांनी गॅलरीत अभ्यास करायचा. कारखान्यांना तर आठवड्याची सक्तीची सुटी. अशा स्थितीत नव्या सरकारने छत्तीसगढकडे हात पसरला. जांजगीर-चांपा जिल्ह्यातील मडवा येथे ५०० मेगावॅटचे दोन संच उभे राहत होते. तेथील १००० मेगावॅट वीज घ्यावयाचे २०१४ च्या नोव्हेंबरात ठरले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये बारा वर्षांचा करार झाला.

वीज ठरली, पण ती आणायची कोठून? येथे वर्धा आले. वर्ध्याहून निघून, यवतमाळ जिल्हा ओलांडून तेलंगणात उतरणारी, निजामाबादजवळच्या डिचपल्लीस विसावा घेणारी आणि तेथून हैदराबादच्या दक्षिणेस महेश्वरमला पोहोचणारी ७६५ किलोव्होल्टची दुहेरी वाहिनी पॉवरग्रिडकडून उभारली जात होती. नागपूरच्या महामार्गाने मोटारीने माहेरी-सासरी जाणाऱ्या आमच्या वाचक भगिनींनी डिचपल्ली-कामारेड्डीच्या बाजूस ते अजस्र मनोरे पाहिलेही असतील. या वाहिनीवर तेलंगणाच्या वीजमंडळींनी २००० मेगावॅटची जागा राखून ठेवली: मडव्याच्या विजेसाठी १०००, आणि पुढे आणखी वीज घेऊ म्हणून आणखी १०००.

ती पुढची १००० मेगावॅट वीज आलीच नाही. राखलेली जागा परत करण्यात आली, आणि रिवाजाप्रमाणे परत करणाऱ्याकडे भरपाई मागण्यात आली, सुमारे २६१ कोटी रुपयांची. प्रकरण आयोग आणि न्यायालये यांच्या दारी गेले. मडव्याची वीजही, थकबाकीच्या वादात, २०२२ पासून येईनाशी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये याच भरपाईच्या थकबाकीवरून तेलंगणाला वीजबाजारातील खरेदीची दारेच बंद करण्यात आली. राज्याला उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि अंतरिम आदेशाने ती पुन्हा उघडली. २०२४ साली राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे हा सारा व्यवहार तपासला गेला, आणि कोणाचे किती चुकले यावर राजकीय वाद अजूनही चालतात. त्या वादात पडण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. परंतु एक भेद त्या गदारोळात हरवला, तो मात्र मांडला पाहिजे.

वाहिनी आणि वाहिनीवरील आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहिनी वाया गेली काय? नाही. वीज ही पत्ता लिहून पाठवलेली पेटी नव्हे. मडव्याला निर्माण झालेली वीज शिक्का मारून महेश्वरमला उतरत नाही. वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीत मिसळल्या की कोणते पाणी कोणाचे हे जसे सांगता येत नाही, तसे जाळ्यात पडलेला प्रवाह वाट मिळेल तिकडे वाटला जातो. कागदावर मात्र कोणी किती घातली, कोणी किती काढली याचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांनी ठेवला जातो. म्हणून मडव्याची वीज थांबली तरी वर्धा–महेश्वरम वाहिनी थांबली नाही. तिच्यावरून पश्चिमेची, मध्य भारताची, बाजारात घेतलेली वीज येतच राहिली. दक्षिणेचा जोड त्यामुळे आणखी भक्कम झाला. अशा वाहिनीचे आयुष्य हिशेबापुरते पस्तीस वर्षांचे धरतात, प्रत्यक्षात ती त्याहून अधिक टिकते. कोळशाच्या करारापेक्षा तार दीर्घायुषी असते. फसले ते आरक्षण. ऐन टंचाईच्या भरात, पुढचा करार हाती नसताना, जागा राखली गेली. टंचाई अन्य मार्गांनी, बाजारातील खरेदीने आणि नव्या केंद्रांनी, वाहिनी पुरी होण्यापूर्वीच ओसरू लागली होती. आम्हांस दोष देण्याची घाई नाही. २०१४ च्या अंधारात बसलेल्या कोणाही कारभाऱ्याने जागा थोडी जास्तच राखली असती. परंतु अनामत बुडाली तर ती कोणाच्या खिशातून जाईल हे त्याच दिवशी लिहून ठेवावयास हवे होते. ते लिहिले गेले नाही.

अखिल भारतीय पातळीवर हेच नाटक याहून मोठ्या रंगमंचावर झाले होते. २००३ च्या कायद्यानंतर छत्तीसगढ, ओडिशा आदी प्रांतांत खासगी केंद्रांच्या घोषणांचा पाऊस पडला. त्यांच्या भरवशावर २०१० च्या सुमारास उच्च क्षमतेचे अकरा पारेषण-मार्ग मंजूर झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळशाच्या २०४ खाणींचे वाटप रद्द केले. काही केंद्रे कर्जात बुडाली, काहींना गिऱ्हाईक मिळाले नाही. मागून मागून जागा परत होऊ लागल्या. परत करणाऱ्याने किती भरपाई द्यावी याचा निकाल केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१९ च्या मार्चमध्ये दिला. तोवर जे आपल्या जागी टिकून राहिले होते त्यांच्या अंगावर मोकळ्या जागांचे भाडेही पडत राहिले. पंगतीतून चार जण उठून गेले तर जेवणाचा खर्च उरलेल्यांवर येतो, तसे.

आणि तरीही त्याच काळात आखलेला एक मार्ग पाहावा. छत्तीसगढमधील रायगढपासून तामिळनाडूतील पुगलूरपर्यंत एकदिश प्रवाहाची ८०० किलोव्होल्टची, सुमारे १७६० किलोमीटर लांबीची, ६००० मेगावॅट वाहून नेणारी वाहिनी २०२०-२१ मध्ये कार्यान्वित झाली. योजली होती उत्तरेकडील कोळशाची वीज दक्षिणेस नेण्यासाठी. दक्षिणेत मात्र दरम्यान वारा आणि ऊन यांची वीज वाढली. सुदैवाने या वाहिनीवर प्रवाह उलटाही फिरवता येतो. दक्षिणेचा वारा जोरात असताना त्याची वीज उत्तरेस चढवण्याची सोय आधीच ठेवलेली होती. नियोजनकाराचे शहाणपण भविष्य अचूक वर्तवण्यात नाही, भविष्य चुकले तरी उपयोगी पडेल अशी वस्तू बांधण्यात आहे, हे आमचे मत या एका उदाहरणाने फार बळावले.

आता घड्याळ मात्र उलटे फिरू लागले आहे. औष्णिक केंद्राला तारेपेक्षा जास्त वेळ लागे. नळगोंडा जिल्ह्यातील यादाद्री केंद्राचा पायाभरणी समारंभ जून २०१५ मध्ये झाला आणि त्याचा पहिला संच राष्ट्रार्पण व्हावयास डिसेंबर २०२४ उजाडले. अशा केंद्राची तार मूळ वेळापत्रकाप्रमाणे बांधून ठेवली असती तर ती कित्येक वर्षे कावळ्यांच्या बैठकीसाठीच उरली असती. सौर केंद्राचे तसे नाही. जमीन हाती असली की दीड-दोन वर्षांत आरशासारख्या पाट्यांचे शेत उभे राहते, आणि तार तीन-चार वर्षे मागून येते. राजस्थानात २०२५ साली हेच झाले. केंद्रे तयार, दुपारचे ऊन रखरखीत, आणि वाहिन्या अपुऱ्या; हजारो मेगावॅट वीज निर्माण होऊ शकत असताना ती थोपवून धरावी लागली. म्हणून आता तार केंद्राच्या आधी, किंबहुना केंद्राची जाहिरात निघण्याआधी आखावी लागते. ऊन आणि वारा कोठे आहे हे बदलत नाही, तेव्हा त्या मुलखात मोठे उपकेंद्र बांधून ठेवावे आणि मग कोणीही येऊन जोडून घ्यावे, असा हा विचार. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०३० पर्यंतचा असा आराखडा प्रसिद्ध केला, तो २ लाख ४४ हजार कोटी रुपयांचा होता.

या आराखड्याच्या जातीची एक योजना आपल्या अगदी दाराशी आहे. बीदरच्या लाल पठारावर २५०० मेगावॅटचे सौर क्षेत्र कल्पून, तेथून थेट महेश्वरमपर्यंत ७६५ किलोव्होल्टची दुहेरी वाहिनी आखण्यात आली. बीदर आपले जुने सोयरे. भालकी, हुमनाबाद, औराद या भागांतून आलेली किती कुटुंबे हैदराबादच्या मराठी वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तेव्हा केंद्रे आलीच नाहीत तर बीदरची वाहिनी कोणाची, हा प्रश्न वर्ध्याच्या वाहिनीहून आपल्याला अधिक बोचणारा आहे. वर्ध्याची वाहिनी देशाच्या दोन मोठ्या भागांना जोडते, म्हणून ती कोणा एकावाचून अडत नाही. बीदरचा फाटा एका क्षेत्रासाठी निघालेला आहे. ते क्षेत्र रिकामे राहिले तर फाटाही रिकामा. शिवाय सौर वाहिनीचे आणखी एक दुखणे आहे. सूर्य मावळला की ती रात्रभर मोकळी पडते. त्याच ठिकाणी विजेचे संचायक ठेवून दुपारची वीज रात्री पाठवली तर तीच तार दुप्पट कामाला येते. आमच्या मते नव्या वाहिनीपेक्षा या सोयीकडे आधी पाहिले पाहिजे.

वाट अडवून बसणाऱ्यांचा बंदोबस्तही थोडाफार झाला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून जनरल नेटवर्क ॲक्सेस नावाची नवी पद्धत चालू झाली. तीत अमक्या केंद्राची वीज तमक्या राज्याला असे लग्न आधी लावावे लागत नाही. केंद्राने आपण किती घालणार ते सांगावे, राज्याने आपण किती काढणार ते सांगावे. जोडणी मागणाऱ्याने ५० लाखांची बँक हमी ठेवावी. हाती वीजविक्रीचा करार नसेल आणि जमिनीचे कागदही नसतील तर दर मेगावॅटमागे १० लाखांची. हवशे-नवशे यामुळे गळतील. मात्र राज्याने अंदाज चुकीचा सांगितला तर त्याचा भुर्दंड राज्याच्या ग्राहकांवरच येतो, हे पूर्वीप्रमाणेच राहिले.

या साऱ्यात ज्याच्या शेतातून तार जाते तो शेतकरी कोणाच्या आराखड्यात असतो? ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीखाली साठ-सत्तर मीटर रुंदीचा पट्टा अडतो. जमीन त्याच्या नावावर राहते, कपाशी-तूर घेता येते, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, उंच झाड वाढवता येत नाही. ज्या अधिकाराने मनोरा रोवला जातो तो १८८५ च्या तारखात्याच्या कायद्यातून उसना घेतलेला आहे. २०१५ पर्यंत केंद्र सरकारचे याबाबत धड मार्गदर्शनही नव्हते. त्या वर्षी मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालील पट्ट्याच्या फार तर १५ टक्के भरपाई सुचवण्यात आली. जून २०२४ मध्ये ती अनुक्रमे २०० व ३० टक्क्यांवर नेण्यात आली. हा खर्च वाढला म्हणून कोणी हळहळू नये. हैदराबादचा पंखा फिरावा यासाठी यवतमाळच्या काळ्या मातीत कोणी आपले अर्धे शेत कायमचे बांधून घेतले असेल, तर त्याचा मोबदला विजेच्या देयकात यावयासच हवा. शिवाय भरपाई वेळेवर ठरली तर मार्ग न्यायालयात अडत नाही.

मार्च २०२५ मध्ये तेलंगणाची विजेची कमाल मागणी १७ हजार मेगावॅटच्या वर गेली. शेतीचे पंप, वातानुकूलन यंत्रे, पश्चिमेकडील संगणक-कचेऱ्या आणि माहितीची कोठारे यांची भूक थांबणारी नाही, तेव्हा नव्या वाहिन्या लागणारच. त्यांचे पैसे पारेषण-आकाराच्या रूपाने आपल्या देयकात मिसळून येतात. ते वेगळे छापलेले नसल्यामुळे आपण त्याकडे पाहत नाही.

तथापि पाहण्याची सोय आहे. तेलंगण राज्य वीज नियामक आयोगापुढे पारेषण कंपनी आणि वितरण कंपन्या आपापल्या गुंतवणुकीचे आराखडे व दरांचे प्रस्ताव ठेवतात. त्यांच्या नोटिसा वृत्तपत्रांत येतात, आणि हैदराबादेत जाहीर सुनावणी होते. तेथे कोणाही ग्राहकाला लेखी हरकत घेता येते व तोंडी म्हणणेही मांडता येते. वकील लागत नाही. आमच्या मंडळींपैकी वीजमंडळातून निवृत्त झालेले कित्येक अभियंते या शहरात आहेत. एखाद्या रविवारी आठ-दहा जणांनी जमून तो आराखडा चाळला तर चार दिवसांचे काम नाही. प्रत्येक नव्या वाहिनीपुढे इतकेच पाहावे: हिच्या टोकाला कोणाचे केंद्र आहे, त्याने सही केली आहे काय, हमी किती ठेवली आहे, आणि तो आला नाही तर ही तार दुसऱ्या कोणत्या कामी येईल. उत्तर नसेल तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि हरकतीच्या अर्जात तेवढेच लिहावे.